ही एकटी कुठवर जाऊ शकते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महिनाभर आपल्या पत्रांच्या पानावर ‘तिकडचं आयुष्य बरं की इकडचं’ यावरून धुळवड चालू आहे. गंगापूर रोडच्या एका गृहस्थांनी लिहिलं की युरोपात पाऊल ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण माणूस असल्यासारखं वाटलं. त्यावर सिडकोतल्या ताईंनी त्यांना चांगलंच झापलं, ‘तिथं मेलात तर खांदा द्यायला चार माणसं मिळायची नाहीत.’ मला दोघांचंही पटलं. म्हणून तिसरं पत्र लिहितोय. लांबलं तर कात्री लावा, फक्त शेवटची पाटीची गोष्ट तेवढी ठेवा.

आधी माझी ओळख. मी नाशिकरोडच्या प्रेसमधून २०१५ साली निवृत्त झालो. प्रेस म्हणजे इंडिया सिक्युरिटी प्रेस, पण इकडं एवढं लांब नाव कोणी घेत नाही. देशातले पासपोर्ट इथंच छापले जातात. चौतीस वर्षं मी त्या फाटकातून आत-बाहेर केलं, पण स्वतःचा पासपोर्ट काढला तो साठी उलटल्यावर, चिरंजीव जर्मनीला गेले तेव्हा. फ्रांकफुर्टच्या विमानतळावर काचेमागच्या पोरगेल्या अधिकाऱ्यानं तो हातात घेऊन पानं चाळली. समोरच्याला वाटलं असेल म्हातारा घाबरलाय. मी शिवण बघत होतो. शिवण सरळ होती.

मुलगा श्टुटगार्टला असतो. गेल्या वर्षी मे ते जुलै आम्ही उभयता तिथं होतो, मोजून ८६ दिवस. १८० दिवसांत ९० च्या वर राहायचं नाही असा त्यांचा नियम आहे, म्हणून चार दिवस हातचे ठेवून परतलो. ८६ दिवसांत देश कळतो असा माझा दावा नाही. नाशिकरोड मला अजून पुरतं कळलेलं नाही.

आता या तुलना कशा करतात ते बघा. आनंदी देशांची यादी दरवर्षी येते. २०२५ च्या यादीत फिनलंड सलग आठव्यांदा पहिला, जर्मनी बाविसावी आणि आपण ११८ वे. आनंदाचा नंबर लावतात तरी कसा, म्हणून मुलाला विचारलं. तो म्हणाला, बाबा, लोकांना सांगतात की एक शिडी डोळ्यांसमोर आणा, सगळ्यात खाली शून्य, वर दहा. तुमचं आयुष्य कितव्या पायरीवर आहे ते सांगा. मी तोच प्रश्न आमच्या मंडळींना विचारला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, ‘शिडीचं नाव काढू नका. गुडघे.’

तेव्हापासून मी ती यादी सोडली आणि माझं स्वतःचं माप काढलं. हिचं वय ६६, दोन्ही गुडघे झिजलेले, ऑपरेशनला तयार नाही. तर माप असं, की ही घरातून निघाली तर एकटी कुठवर जाऊ शकते?

जेलरोडच्या आमच्या घरापासून मुक्तिधाम मंदिर दीड किलोमीटर असेल. लग्न होऊन आली तेव्हापासून दर गुरुवारी ही चालत जायची. तीन वर्षांपूर्वी बंद केलं. लोक म्हणतात गुडघे. घरात तेच गुडघे दिवसभर चालतात, गच्चीवर पापड वाळत घालायलाही चढतात. मग एकदा सकाळी मीच तिच्या पायानं तो रस्ता चालून बघितला. गेटबाहेर फुटपाथ आहे. त्याची उंची माझ्या नडगीएवढी, म्हणजे हिनं चढायचं तर कुणाचा तरी हात हवा. चाळीस पावलांवर विजेचा डीपी, तिथं फुटपाथ संपतो. उतरा. पुढं पुन्हा चढा, तर एक बुलेट तिरकी लावलेली. तिच्यापुढं केळीवाल्याची गाडी. या केळीवाल्याबद्दल मी तक्रार करणार नाही, तो आम्हाला गेली अकरा वर्षं चांगली केळी देतो आणि माझं ओझं जड असलं तर घरी पोचवतो. पण गाडी फुटपाथवर आहे ती आहे. त्यापुढं एका चेंबरचं झाकण गेलेलं, कुणी पुण्यवानानं त्यात झाडाची फांदी खोचून तिला लाल फडकं बांधलंय. म्हणजे पुन्हा उतरायचं ते थेट रस्त्यावर, आणि समोरून राँग साइडनं येणारा पोरगा मोबाईल कानाला लावून आपल्यालाच हॉर्न मारतो. बिटको चौकापर्यंत मी नऊ वेळा चढलो-उतरलो.

आता रिक्षा करावी म्हणाल. करतोच. पण रिक्षा करायची म्हणजे मी बरोबर हवा, आणि मी बरोबर असलो की ती ‘चला, पटकन दर्शन घेऊ’ होते. पूर्वी ही मुक्तिधामला जाऊन तासभर बसायची, येताना बहिणीकडं डोकवायची, कुठंतरी मेथी स्वस्त दिसली तर घ्यायची. ते गेलं.

श्टुटगार्टला मुलाचं घर डेगरलोख नावाच्या टेकडीवरच्या भागात आहे. शहर खाली खळग्यात, चारी बाजूंनी चढ, मध्येच वस्तीला लागून द्राक्षमळे. हिला द्राक्षमळे बघून दिंडोरीला आल्यासारखं वाटलं. तिथून खाली यायला १८८४ पासून चालू असलेली दातेरी रुळाची छोटी गाडी आहे. मुलानं आम्हा दोघांना महिन्याचे पास काढून दिले. एकाचे तेव्हा ५८ युरो, देशभरातल्या सगळ्या बस, लोकल, ट्राम त्यात. हिनं लगेच शंभरानं गुणलं. ‘एका माणसाचे ५,८०० रुपये? मग वसूल करायला हवेत.’

आणि केले. पहिले काही दिवस नातवाबरोबर. नवव्या दिवशी एकटी निघाली. पर्समध्ये पत्त्याची चिठ्ठी, जर्मन भाषेतले ‘डांके’ (आभार) आणि ‘बिटे’ (कृपया) हे दोनच शब्द, पायात नाशिकरोडच्याच चपला. मी बाल्कनीतून बघत होतो आणि माझ्या पोटात गोळा. अडीच तासांनी परतली ती तुर्की दुकानातून कोथिंबिरीची जुडी घेऊन. मी विचारलं, रस्ता कसा ओलांडलास? म्हणाली, ‘खांबावरचं बटण दाबलं. माणूस हिरवा झाला. गेले.’ त्यात तिला सांगण्यासारखं काही वाटलंच नाही. तिला सांगायचं होतं ते बसबद्दल. थांब्यावर आली की बस दाराच्या बाजूला झुकते, बैल बसायच्या आधी पुढचे पाय वाकवतो तशी. ‘माझे गुडघे वाकत नाहीत तर तिचे वाकतात हो!’

मला टिपणं ठेवायची सवय आहे. ८६ दिवसांत ही ३१ वेळा एकटी बाहेर गेली. परत आल्यापासून आजपर्यंत गेटसमोरच्या किराणा दुकानात सात वेळा. त्यापुढं एकदाही नाही.

आकडे आवडणाऱ्यांसाठी एक आकडा देतो. २०२२ साली आपल्याकडं रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, हा सरकारचाच हिशेब. जर्मनीत त्याच वर्षी २,७८८. आपली लोकसंख्या त्यांच्या सतरापट असेल, मृत्यू मात्र साठपट. आणि आपल्या त्या आकड्यात तेहतीस हजारांच्या आसपास नुसते पायी चालणारे होते. हॉर्न देऊनही बाजूला न झालेले, असं आपण त्यांच्याबद्दल म्हणतो.

एवढं वाचून सिडकोच्या ताई माझ्यावरही चिडल्या असतील. त्यांच्यासाठी पुढचं.

साधारण दुसरा महिना लागला तेव्हा ही एकदा पास हातात घेऊन सोफ्यावर बसून राहिली. म्हटलं, जायचं नाही का आज? म्हणाली, ‘जाऊ कुणाकडं?’ कुठंही जाता येत होतं आणि जायला कुणाचं घर नव्हतं. तिथं भेटायचं तर आधी वेळ ठरवावी लागते, त्याला ‘टर्मिन’ म्हणतात. हा शब्द आम्ही इतक्यांदा ऐकला की नातू आम्हाला चिडवायला लागला. केस कापायचे, टर्मिन. बँकेत जायचं, टर्मिन. मुलाच्या हाताला पुरळ उठलं तर त्वचेच्या डॉक्टरांचा टर्मिन मिळाला तो अकरा आठवड्यांनी. तोवर पुरळ आपलं आपण गेलं. जेलरोडला संध्याकाळी दवाखान्यात दीड तास बसलं, तीनशे रुपये मोजले की काम झालं असतं. मात्र मोठं दुखणं आलं तर मुलगा तिथं कर्जबाजारी होणार नाही, हेही खरं. पगारातून विमा कापलाच जातो, मूळ दर १४.६ टक्के, निम्मा त्याचा, निम्मा कंपनीचा. आपल्याकडं २०२१-२२ च्या सरकारी हिशेबात देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ३९ टक्के खर्च लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला. आमच्या आळीत कुणाचं मोठं ऑपरेशन निघालं की आधी सोनं निघतं.

तिथं सगळंच घड्याळ लावल्यासारखं चालतं असंही समजू नका. रेल्वेला ते लोक आपल्यापेक्षा जास्त शिव्या घालतात. २०२४ मध्ये त्यांच्या लांब पल्ल्याच्या शंभरातल्या बासष्ट-त्रेसष्ट गाड्याच वेळेवर होत्या. श्टुटगार्टचं नवं भुयारी स्टेशन २०१० पासून खणताहेत, २०१९ ला उघडणार होतं, आम्ही गेलो तेव्हाही पत्र्यांच्या आडून लांबच लांब बोळ ओलांडून फलाटावर जावं लागायचं. आमची नाशिकची मेट्रो निओ, म्हणजे टायरवर चालणारी मेट्रो, २०२१ च्या अर्थसंकल्पात २,०९२ कोटींची म्हणून जाहीर झाली आणि अजून कागदावरून उतरलेली नाही, त्याची लाज वाटणाऱ्या नाशिककरांना हे ऐकून जरा बरं वाटेल. मलाही वाटलं.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की २५ सेंट परत मिळतात. हिला त्याचं फार कौतुक, बाटल्या धुऊन रांगेत लावायची. एका रात्री स्टेशनजवळ एक गृहस्थ दिसले. माझ्याच वयाचे, इस्त्रीचा शर्ट, हातात छोटी बॅटरी. कचऱ्याच्या डब्यात बॅटरी मारून बाटल्या शोधत होते. हिनं पिशवीतली पाण्याची बाटली घाईघाईनं पिऊन संपवली आणि डब्याच्या कडेला उभी करून ठेवली. हातात द्यायचा तिला धीर झाला नाही. ते गृहस्थ आले, बाटली घेतली, आमच्याकडं बघून मान लववली. घरी येईपर्यंत आम्ही बोललो नाही.

मुलाच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. लेक हँबुर्गला, रविवारी फोन करते. आमची पहिली ओळख भांडणातून झाली. रविवारी दुपारी हिनं मिक्सरवर शेंगदाण्याची चटणी फिरवली आणि संध्याकाळी टपालपेटीत चिठ्ठी. रविवारी शांतता पाळायची असते. ही हिरमुसली, ‘चटणीसाठी चिठ्ठी?’ दुसऱ्या दिवशी त्याच चटणीची वाटी घेऊन खाली गेली. आजींनी वाटी घेतली, वास घेतला, शिंकल्या, आणि दार लावलं. वाटी परत आली ती धुऊन, आत चार चेरी.

आणि मग तो आठवडा आला. सोमवारी मुलाच्या दाराच्या मुठीला एक छोटी लाकडी पाटी अडकवलेली. मुलगा म्हणाला, आपली केरवोखे आली. मला वाटलं पोरगा मराठीच बोलतोय. केर म्हणजे त्यांच्यात झाडणं, वोखे म्हणजे आठवडा. ज्याच्या दाराला पाटी, त्यानं आठवडाभर जिना, दारापुढचा रस्ता झाडायचा. रविवारी पाटी पुढच्या दाराला. श्टुटगार्टमध्ये याचं मूळ १४९२ च्या नगरकायद्यापर्यंत जातं, प्रत्येकानं आपली घाण दर आठवड्याला गावाबाहेर न्यावी असा तो नियम होता. मुलगा आणि सूनबाई दोघं कामावर, म्हणून केरवोखे आम्ही घेतली. मी बाहेरचा फरसबंद रस्ता, ही जिना. हिनं वरच्या पायरीवर बसून, एकेक पायरी खाली सरकत, फडक्यानं पुसत आणला. आजी दारात उभ्या राहून बघत होत्या. झाल्यावर त्या जिन्याच्या कोपऱ्याकडं आल्या, वाकल्या, बोट फिरवलं आणि ते बोट हिला दाखवलं. काळं होतं.

माझा संताप झाला. ही मात्र हसायला लागली. म्हणाली, ‘अहो, माझी सासूच आहे ही. फक्त गोरी.’ आणि पुन्हा वर चढून कोपरा पुसला. त्यानंतर त्या दोघींचं जमलं. भाषा नाही, काही नाही, दुपारी अर्धा तास जिन्यात बसायच्या, दोघी एकमेकींना गुडघे दाखवायच्या. आम्ही निघालो त्या दिवशी आजी जिन्यात रडल्या. त्यांच्याकडं टर्मिन न घेता गेलेली ही पहिलीच बाई असेल.

परत आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या दिवाणखान्यात अकरा बायका. २०२१ च्या कोविडमध्ये आम्ही दोघं एकाच वेळी पडलो तेव्हा सतरा दिवस ज्यांनी दाराबाहेर डबा ठेवला, त्याच या बायका. यातल्या एकीलाही टर्मिन ठाऊक नाही. पण यातल्या सात जणी साठीच्या पुढच्या आहेत, आणि मी विचारलं तर सातही जणी बिटको चौकापर्यंत एकट्या जात नाहीत. कुणी पडलेली आहे, कुणी पडता पडता वाचलेली.

२०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात रस्ते उकरले जाताहेत. रुंद होतील, चांगले होतील. माझं म्हणणं तेवढ्यापुरतंच आहे. कुंभाला येणारी कितीतरी माणसं हिच्याच वयाची असतात, गाठोडं डोक्यावर घेऊन नाशिकरोड स्टेशनला उतरतात आणि चालतात. रस्त्याच्या नकाशावर सही करणाऱ्या साहेबांनी एकदा स्टेशन ते बिटको, बिटको ते दत्तमंदिर असं पायी चालावं, आपल्या आईला बरोबर घेऊन. फुटपाथ वीतभरापेक्षा उंच नको, सलग हवा, डीपी त्याच्या मधोमध नको. यासाठी जर्मनीला अभ्यासदौरा काढायची गरज नाही. माझ्याकडं टेप आहे, मी येऊन मापं देईन. एका कार्यालयात नऊ चढ-उतारांची यादी मी देऊनही आलोय. तिथल्या माणसानं शिक्का मारून पोच दिली आणि विचारलं, ‘काका, तुम्ही राहता कुठं, परदेशात का?’

आता पाटी. आल्यावर मी सुताराकडून एक पाटी करून घेतली, सागवानाच्या तुकड्याची, ‘केराचा आठवडा’ असं रंगवून. सोसायटीच्या बैठकीत मांडलं की जिना नाही, जिना मावशी झाडतात. आपण फक्त गेटसमोरचा फुटपाथ वाटून घेऊ, आठवड्याला एक घर. बारा घरं, म्हणजे वर्षाला चार-पाच पाळ्या. कुणी म्हणालं, मेंटेनन्स कशाचा देतो मग? कुणी म्हणालं, फुटपाथ आपला आहे का? सगळ्यात अडचणीचा प्रश्न मावशींनीच विचारला, बैठक संपल्यावर, जिन्यात, हळू आवाजात. ‘काका, माझं काम काढताय का?’ मी म्हटलं नाही मावशी, तुमचं काहीच जात नाही. त्यांना पटलं असं वाटत नाही. डेगरलोखच्या जिन्यात मावशी नव्हत्या, हा हिशेब माझ्याकडून राहून गेला होता.

तरी पहिला आठवडा मी केला. दुसरा तळमजल्यावरच्या मास्तरांनी, टोपी घालून, अगदी शिस्तीत. तिसऱ्या आठवड्यात पाटी तिसऱ्या मजल्यावर गेली. त्या घरातली मंडळी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली ती अजून आलेली नाहीत. लिफ्ट बंद आहे, आणि ‘दुसऱ्याच्या दारावरची वस्तू न विचारता काढायची नाही’ असं हिचं म्हणणं. त्यामुळं पाटी सव्वा महिना तिथंच आहे. जिना झाडताना मावशी रोज तिच्यावरची धूळ पुसतात.

आपला,
जेलरोड, नाशिकरोड येथील एक वाचक
(नाव छापू नये. याच सोसायटीत राहायचं आहे.)